दादाची दहावी

माझा दादा सरकारी हॉस्पिटलात लिफ्ट चालवतो. कागदोपत्री तो दहावी पास आहे. खरं म्हणजे तो रसायनशास्त्रात एम. एस्सी. आहे, तोही पहिल्या वर्गात, पण हे मोठ्यानं बोलायचं नाही. लोक आपण किती शिकलोय याच्या थापा मारतात. आमच्या घरात थाप उलटी आहे, आणि ती टिकवायला सगळ्यांना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

जाहिरातीत स्पष्टच लिहिलं होतं, उमेदवार दहावी उत्तीर्ण असावा, त्याहून जास्त शिकलेल्यांनी अर्ज करू नये. म्हणे शिकलेली माणसं टिकत नाहीत आणि वर तोंड करून बोलतात. हा नियम करणारा स्वतः किती शिकला होता देव जाणे. मला तो भेटला तर त्याला मी फक्त आमच्या बाबांसमोर आणून बसवीन.

बाबा पाट्या रंगवायचे. डॉक्टर, वकील, इंजिनियर, गावभर लोकांच्या दारांवर बाबांच्या हातची अक्षरं. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटलेली, पण कुठल्या पदवीत टिंब कुठे येतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. नाव साध्या पांढऱ्या रंगात काढायचं आणि पदवी सोनेरी, ही त्यांची पद्धत. घरी आले की टर्पेंटाइनच्या बोळ्यानं बोटं पुसत म्हणायचे, "नाव काय, कुणालाही असतं. सोनेरी अक्षरं कमवावी लागतात."

आई गेली तेव्हा दादा बारावीला होता आणि माझा दहावीचा निकाल नुकताच लागला होता. दोघांना शिकवणं जमणार नव्हतं. घरात चर्चा वगैरे काही झाली नाही. एका सकाळी बाबा म्हणाले, "बेकरीवाल्याशी बोललोय. सोमवारपासून जा." मी गेले. दहावीला माझे मार्क दादापेक्षा बरे होते. हे उगाच सांगत नाहीये, राग आहे म्हणून सांगतेय.

पण दादावर राग धरवत नाही, हीच तर पंचाईत आहे. तो काही उनाडक्या करत शिकला नाही. मी दिवसभर पीठ मळून घरी यायचे आणि हा मला पीठ का फुगतं ते समजावून सांगायला बसायचा. "ते फुगतं हे मला माहीत आहे," मी म्हणायचे, "तू आधी जेवून घे." तो कुठला ऐकतोय. पाटावर बोटानं रेघा ओढत, हातवारे करत तो असा काही रंगायचा की मीही पाय दाबत ऐकत राहायचे. त्या अर्ध्या तासात मला भट्टी, मालक, सगळ्याचा विसर पडायचा.

बी. एस्सी. झाल्यावर कॉलेजातले त्याचे सर म्हणाले, "नुसत्या बी. एस्सी.ला आता कोण विचारतं? एम. एस्सी. कर." बाबांनी स्कूटर विकली आणि रंगाचे डबे सायकलला टांगून फिरू लागले. एम. एस्सी. झाल्यावर रंगाच्या कारखान्यात म्हणाले, अनुभव हवा. अनुभवासाठी एका छोट्या लॅबमध्ये गेला, तर तिथे म्हणाले, एवढा शिकलेला माणूस आम्हाला परवडायचा नाही. कॉलेजात तासावर शिकवलं, तर सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर. शेवटी दुकानात विक्रेता म्हणून उभा राहायला गेला. दुकानदार म्हणाला, "तुम्ही काय, उद्या मोठी नोकरी मिळाली की जाल." तो उद्या आमच्या दारी काही उगवला नाही.

पुन्हा सरांकडे सल्ला मागायला गेला, तर सर म्हणतात कसे, "पीएच. डी.चा विचार कर." तो परत येऊन हे सांगत होता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. बाजारातला भांडीवालासुद्धा गळकं भांडं निघालं तर निदान बदलून देतो. इथे एक भांडं गळकं निघालं, तर त्याच दुकानातून त्याहून मोठं, त्याहून महाग भांडं घ्यायचं! आणि वर सरांना नमस्कार करून यायचं. तो तसा करूनही आला होता.

मग लिफ्टची जागा निघाली. अर्ज करताना दादानं दहावीपुढचं सगळं पुसून टाकलं.

दहावी पास होणं त्याला सोपं गेलं नाही. त्यासाठी त्याला अभ्यास करावा लागला. सही वेडीवाकडी करायला तो कागदच्या कागद भरून शिकला. लिफ्टमध्ये कुणी इंग्रजी पेपर विसरलं, तर घडी करून बाजूला ठेवायचा, उघडायचा नाही. वॉर्डातल्या आया औषधाची इंग्रजी चिठ्ठी वाचायला पुढे करायच्या, तेव्हा "चष्मा घरी राहिला" म्हणायचा. त्याला चष्मा कधी लागलेलाच नाही.

एकदा तेच सर लिफ्टमध्ये शिरले, पायाला प्लास्टर घालून. "अरे, तू इथे कसा?"

दादानं बटणांकडे बघत विचारलं, "कितवा मजला?"

"मला ओळखलं नाहीस?"

"नाही, साहेब. कितवा मजला?"

हे त्यानं घरी येऊन हसत हसत सांगितलं. बाबाही हसले. मी ताट आपटून उठले. घरात कुणाला तरी राग यायला हवा होता की नाही?

दोन वर्षं अशी काढल्यावर कायम होण्याची वेळ आली. एकदा कायम झाला की पेन्शन, औषधपाणी, आणि मुख्य म्हणजे मनाला येईल तेव्हा कुणी काढून टाकू शकणार नाही. पण त्याआधी हॉस्पिटलचा कारकून घरी येऊन चौकशी करणार होता. पत्ता खरा आहे का, माणूस सांगतो तेवढाच शिकलाय का. खोटं उघडं पडलं असतं तर नोकरी जाणारच होती, शिवाय फसवणुकीचा खटला.

त्या दिवशी मी बेकरीतून सुट्टी घेतली. दादानं पुस्तकं पलंगाखाली ढकलून चादर खालपर्यंत ओढली. भिंतीवरचा कॉलेजचा फोटो काढून त्या जागी कॅलेंडर लावलं. बाबांना दहादा बजावलं, तुम्ही काही बोलू नका. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शहाण्यासारखे खुर्चीत बसले होते.

कडी वाजली. मी दार उघडलं. बाहेर एक पोक्त माणूस काखेत फाइल धरून उभा होता आणि माझ्याकडे न बघता दाराशेजारच्या भिंतीकडे बघत होता. मी डोकावून पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

भिंतीवर पाटी होती, सकाळी नव्हती ती. गर्द हिरवी, कडेनं बारीक रेघ. पांढऱ्या अक्षरांत नुसतं आमचं आडनाव आणि पुढे सोनेरी एम. एस्सी. सगळ्या घरानंच मिळून पदवी घेतल्यासारखी. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

मी मागे वळून पाहिलं. बाबांचा चेहरा नवरदेवाच्या बापासारखा फुललेला. सरकारी माणूस घरी येणार, मग घर कसं चांगलं दिसायला हवं! खोटं बोलायचं ते त्यांच्या लेखी हॉस्पिटलापुरतं होतं. दार त्यांचं स्वतःचं होतं. इतकी वर्षं त्यांनी लोकांची दारं रंगवली, आणि नेमका हा दिवस त्यांनी आपल्या दारासाठी निवडला. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं.

"एम. एस्सी. कोण?" कारकुनानं विचारलं.

दादा पांढराफटक पडला होता.

"मी," मी म्हटलं.

कारकून आत आला, बसला. चहाचा कप घेताना त्याची नजर माझ्या हातांवरच्या डागांवर गेली. "प्रयोगशाळेत भाजलं वाटतं?"

"नाही. बेकरीत. ट्रे काढताना."

"बेकरीत?"

"दुसरी नोकरी मिळाली नाही."

मला वाटलं, आता पकडलं. एम. एस्सी. झालेली बाई पाव भाजते, हे कुणाला खरं वाटेल? त्यानं नुसती मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला. त्याला जराही नवल वाटलं नाही. मी वाचले म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा, तर मला त्या मान डोलावण्याचाच भयंकर राग आला.

त्यानं दादाला दोन-चार प्रश्न विचारले. दादानं खाली मान घालून "हो साहेब, नाही साहेब" केलं. काम संपलं. फाइल बांधता बांधता कारकून मला म्हणाला, "ताई, एक विचारू? माझी धाकटी बारावीला आहे. तिची आई म्हणते, पुढे शिकवू. आमची ओढाताण होणार हे उघड आहे. तुम्ही एवढ्या शिकलात, तुम्हीच सांगा. उपयोग होतो का हो?"

"नाही होत," मी म्हटलं. मला थांबायला हवं होतं, पण थांबता येईना. "काही उपयोग होत नाही. एक शिकतो आणि बाकीचं घर त्याच्यापायी झिजतं. कॉलेजवाले पैसे घेऊन मोकळे होतात, कारखानेवाले हात वर करतात. शेवटी नोकरी मिळते ती न शिकलेल्याची, आणि तिथे आपण काही शिकलो होतो हे विसरावं लागतं. नका शिकवू. दोघंही सुखानं झोपाल."

"खोटं बोलतेय ती, साहेब."

दादा बोलला होता. मघाचा, हॉस्पिटलात काढायचा तो घोगरा, दबका आवाज नव्हता. हा माझ्याशी पिठाबद्दल बोलणाऱ्याचा आवाज होता.

"शिकवा मुलीला," तो म्हणाला. "नोकरीचं काय व्हायचं ते होवो. एखादी गोष्ट आपल्याला पहिल्यांदा नीट कळते ना, साहेब, ते सुख कुणी काढून घेऊ शकत नाही. मुलीला ते मिळू द्या. तिला आवडतं काय, तेवढं मात्र आधी विचारा."

कारकुनानं फाइल पुन्हा मांडीवर घेतली.

"तुमचं शिक्षण किती म्हणालात?"

दादानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "दहावी, साहेब."

"मग तुम्हाला यातलं काय कळतं?"

दादाची मान हळूहळू खाली गेली.

"काही नाही कळत, साहेब," तो म्हणाला.

बाबांनी तोंड फिरवलं. चपला घालताना कारकून दादाच्या खांद्याजवळ वाकून पुटपुटला, "लिफ्टमध्ये इतकं बोलत जाऊ नका. काम होईल तुमचं." काम झालंही. पुढच्याच महिन्यात दादा कायम झाला. आता निवृत्त होईपर्यंत त्याला अडाणी राहायची मुभा आहे.

पण त्या दुपारी, कारकून गेल्यावर, दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मी मोरीत कप विसळत होते. बाबा येऊन दारात उभे राहिले. मी वळून बघितलं नाही.

"तू किती पटकन 'मी' म्हणालीस," ते म्हणाले.

"मग काय करणार होते? पाटी लावून बसलात! घर बुडालं असतं आज."

"तसं नाही गं. जसं काही तोंडात तयारच होतं." त्यांनी एक विसळलेला कप उचलून पालथा घातला. "तुला शिकायचं होतं का?"

माझ्या हातातला कप आपटला. "आता विचारताय? बेकरीवाल्याशी बोलायला गेलात तेव्हा का नाही विचारलंत?"

बाबा आपल्या बोटांवरचा हिरवा रंग नखानं खरवडत होते.

"तेव्हा विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," ते म्हणाले. "म्हणून नाही विचारलं."