टेबलावर काढून ठेवलेलं घड्याळ

ती घटना आठवायला मला प्रयत्न करावा लागत नाही. संध्याकाळी मनगटावरचं घड्याळ काढलं की ती आठवते. नावं मी कुणाचीच देणार नाही. ती माणसं अजून आपापल्या परीने जगत आहेत, त्यांना जगू द्यावं.

दोन हजार सालाच्या मागचा-पुढचा काळ. मी उपनिरीक्षक होतो. पुण्याच्या पश्चिमेकडच्या, बघता बघता वाढलेल्या भागातली एक चौकी माझ्याकडे होती. काल-परवापर्यंत जिथे ज्वारी होती तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या. सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर कंपन्यांच्या बस थांबायच्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं त्यात चढायची. आमच्याकडे तक्रारी यायच्या त्या पार्किंगच्या, पाण्याच्या, मोबाइल हरवल्याच्या. आणि 'नवरा मारतो' अशा. मारणारे नवरे फक्त झोपडपट्टीत असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या चौकीत महिनाभर बसून पाहावं.

अशी तक्रार आली की आमची एक ठरलेली पद्धत होती. बाईला बाहेरच्या बाकावर बसवायचं, तिच्यासाठी चहा सांगायचा. नवऱ्याला आत घ्यायचं. मग मी घड्याळ काढून टेबलावर ठेवायचो. ते दिसलं की हवालदार न सांगता दार लोटून घ्यायचे. आत काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको. नंतर अदखलपात्र नोंद, डायरीत एक ओळ, 'सदर इसमास योग्य ती समज देऊन सोडण्यात आले', आणि बाहेर येऊन बाईला एक वाक्य, "जा ताई, आता सरळ होईल."

माझी तेव्हा खात्री होती की हेच औषध आहे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही. बाईवर हात टाकणाऱ्याला हाणताना आपण न्याय करतोय असं वाटायचं.

त्या वर्षी श्रावणाच्या आधी अशीच एक मुलगी आली. यवतमाळकडची, लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. मनगट सुजलेलं. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, चष्मा लावणारा, हळू बोलणारा. आत घेतल्यावर तो इंग्रजीत काहीतरी समजावू लागला. मी घड्याळ काढलं. दुसऱ्या फटक्याला त्याचा चष्मा उडून भिंतीवर आपटला. बाहेर आल्यावर त्याने फुटका चष्मा खिशात ठेवला आणि बायकोकडे न बघता चालू लागला. ती मागून गेली. माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं.

श्रावणात एका सकाळी चौकीचा फोन वाजला. त्या जोडप्याच्या सोसायटीतल्या एक वयस्कर बाई होत्या.

"साहेब आहेत का? आपण पेढे खाता का?"

मी म्हटलं, "कोण बोलतंय?"

"तिसऱ्या मजल्यावरचा तो कॉम्प्युटरवाला. त्याने काल मजल्यावर पेढे वाटले. बायको माहेरी गेली म्हणे, गोड बातमी आहे म्हणे. पेढे चांगले होते. बातमी खोटी आहे."

"हे तुम्हाला कसं कळलं, काकू?"

"अहो, याच आठवड्यात आमच्या सुनेची मंगळागौर झाली. त्या मुलीला मी सवाष्ण म्हणून जेवायला सांगितलं होतं. तिने स्वतः दारात येऊन सांगितलं, काकू, मला अडचण आहे, येता येणार नाही. आता या आठवड्यात अडचण आणि त्याच आठवड्यात गोड बातमी, हे आपल्या खात्यात बसत असेल तर बसवा. माझ्या नाही बसत. तिच्या चपला अजून दारातल्या रॅकवर आहेत, तेही बघून घ्या."

मी रिसीव्हर ठेवला. खबर देणारे आमच्याकडे पुष्कळ होते, पण इतकी नेमकी खबर मी क्वचितच ऐकली.

आम्ही त्याच्या घरी गेलो. चपला होत्या. कपाटात साड्या होत्या. स्वयंपाकघरात ओट्यावर उरलेल्या पेढ्यांचा खोका. त्याला घेऊन चौकीत आलो आणि त्याच्याकडून सासऱ्यांचा नंबर घेऊन यवतमाळला फोन लावला. पलीकडे मुलीचे वडील.

"पोरगी? नाई, इथं तं नाई आली. काहून साहेब? काई झालं का?"

मी म्हटलं, नेहमीची चौकशी आहे. बापाला ते पटलं नसावं. फोन ठेवताना त्यांचा श्वास ऐकू येत होता.

म्हणजे नवरा धडधडीत खोटं बोलत होता. बायको माहेरी नाही, कपडे घरात, चपला घरात, आणि हा पेढे वाटतोय. अशा वेळी पोलिसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. मला समोर बसलेला माणूस दिसत नव्हता. कुठली विहीर, कुठली खाण, कुठला घाट, तेवढंच दिसत होतं.

"कुठे आहे ती?"

"माहेरी, सर."

"तिचा बाप नाही म्हणतोय."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा "माहेरी, सर." हवालदार दाराशी उभेच होते. मी घड्याळाचा पट्टा सोडला आणि ते टेबलावर ठेवलं. दार लोटलं गेलं.

तेव्हा त्या माणसाने एक गोष्ट केली. त्याने चष्मा काढला, नवा होता, त्याच्या काड्या नीट मिटल्या आणि माझ्या घड्याळाशेजारी ठेवला. डोळे मिटून घेतले आणि मान जरा पुढे केली. शाळेतली मुलं छडीसाठी हात पुढे करतात तशी. त्या हालचालीत सराव होता. एकदा माझ्याकडून मार खाल्ल्याने एवढा सराव होत नाही. लहानपणापासून कुणाच्या तरी पुढे असंच उभं राहावं लागलं असेल तर होतो.

माझा हात वर गेला होता. तो खाली आला. का आला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी खुर्चीत बसलो आणि जे सुचलं ते विचारलं, "पेढे कशाला आणलेस?"

त्याने डोळे उघडले. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता.

"गेटवर एका काकांनी विचारलं, मिसेस दिसत नाहीत? मी म्हटलं, माहेरी गेली. ते म्हणाले, काय, विशेष काही? आणि हसले. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग पेढे कुठायत? संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं, पेढे कुठायत? मग आणले."

"आणि खरं काय?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "सोडून गेली, सर. रबरी चपला घालून, खाली जाऊन येते म्हणाली. परत आली नाही."

"अरे, मग हे सांगायचंस ना! मी तुझ्यावर खुनाचा संशय घेतोय, कळतंय का तुला?"

"कळतंय." आणि मग तो जे बोलला ते मी आजवर कुठल्याही आरोपीच्या तोंडून ऐकलेलं नाही. "खून केला म्हटलं तर लोक निदान घाबरतात, सर. बायको सोडून गेली म्हटलं तर हसतात."

दाराशी हवालदार किंचित हसले. त्याने त्यांच्याकडे बोट केलं. "बघा."

मला त्याचं खरं वाटलं, पण वाटण्यावर तपास बंद करता येत नाही. मुलगी जिवंत आहे हे डोळ्यांनी बघणं भाग होतं. मिसिंगची नोंद घेतली. त्याला बसवून ठेवलं. दुपारी यवतमाळहून उलटा फोन आला.

"साहेब, पोरीचा फोन आलता. जित्ती हाय. पन पत्ता सांगू नका म्हनते."

"बरोबर आहे. नवऱ्याला नाही सांगणार आम्ही."

"नवऱ्याले तं नाईच. पोलिसाले बी नाई म्हनते."

आमच्याकडच्या महिला शिपायाने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "काका, मी बोलते. मी तिच्याच वयाची आहे," असं म्हणून ती बराच वेळ खालच्या आवाजात बोलली. पत्ता मिळाला तो तिला. लोणी काळभोरला एका कॉलेजात शिकवणारी वर्गमैत्रीण होती, तिच्या खोलीवर.

आम्ही दोघं साध्या कपड्यांत गेलो. घरमालकीण दारात धान्य निवडत होती. "हाय की, आत हाय. पर तुमी कोन?" महिला शिपाई आत गेली. थोड्या वेळाने ती मुलगी बाहेर आली आणि मला बघून उंबऱ्याच्या आतच थांबली. गालावर पिवळट पडत चाललेला डाग होता.

मी म्हटलं, "ताई, चौकीत यायला हवं होतं. आम्ही होतो ना."

"आले होते की," ती म्हणाली. "तुम्ही मारलंत ना त्याला. घरी गेल्यावर तो काही बोलला नाही. जेवला. ताट उचलून ठेवलं. मग म्हणाला, साहेबाने मला कसं मारलं, दाखवू? तो मारायचा आधीही, साहेब, पण रागाच्या भरात. त्या दिवशी त्याने आधी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग दार लावलं. त्यानंतर रोज तसंच."

माझं घड्याळ हातातच होतं. मी तो हात पाठीमागे नेला. तिने ते पाहिलं.

तिला परत जायचं नव्हतं. तक्रार मात्र द्यायची होती. दुसऱ्या दिवशी वडील आले, त्यांच्यासमोर मी जबाब लिहून घेतला. छळाचं कलम चारशे अठ्ठ्याण्णव अ, दखलपात्र गुन्हा, सगळं रीतसर. ती सांगत होती, मी लिहीत होतो. चौकीतल्या पहिल्या दिवसाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "साहेबांनी मारलं, तेही लिहा. तिथूनच सगळं बदललं."

मी मान हलवली आणि लिहिलं, 'सदर इसमास त्या वेळी योग्य ती समज देण्यात आली होती.'

जबाब वाचून दाखवायचा असतो. तिने तो स्वतः वाचायला घेतला. त्या ओळीवर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. मी आडवा आलो तर तिची केस कोण चालवणार होतं? ते तिला कळत होतं आणि मलाही. ही ओळ कागदावर तशीच राहिली. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. ती ओळ खोटी आहे. तिने सांगितलेलं खरं आहे.

पुढे दोघं कायद्याने वेगळी झाली. ती शिक्षिका झाल्याचं कानावर आलं. त्याचं काय झालं, मला माहीत नाही. त्याची चौकशी करायला हवी होती असं आता वाटतं. तेव्हा आरोपी म्हटला की आमचा त्याच्याशी संबंध दोषारोपपत्रापुरता.

पण मला सांगायचं आहे ते त्या जबाबाच्या दिवसाचं. ड्युटी संपवून घरी गेलो. उजेड होता अजून. बायको गॅलरीच्या दाराशी शेंगा सोलत बसली होती. मला आंघोळीला जायचं होतं, म्हणून मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ती उठली आणि काही न बोलता तिने गॅलरीचं दार लावून घेतलं.

माझ्या चौकीत हवालदार लावायचे तसंच. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. ती हे किती वर्षं करत होती कोण जाणे, मी कधी पाहिलं नव्हतं. मी तिच्यावर हात उचललेला आहे. एकदा नाही. मी त्याला माझा तापटपणा म्हणायचो आणि ती माझी ड्युटी कडक आहे असं लोकांना सांगायची.

"मी आंघोळीला चाललोय," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. दार मात्र उघडलं नाही.

मुदतीआधी निवृत्ती घेतली त्याला कारणं बरीच होती, हे त्यातलं एक. आता एक समाजसेविका आमच्या भागातल्या गणेश मंडळाच्या खोलीत रविवारी सकाळी पुरुषांची बैठक घेतात. बायकांच्या बैठका खूप झाल्या, ज्यांचे हात चालतात ते कधी बसणार, असं त्यांचं म्हणणं. मीही जातो. कंपनीतली मुलं येतात, रिक्षावाले येतात, एक निवृत्त कारकून येतात. पहिल्या दिवशी मला बघून ते कारकून म्हणाले, "वा! आता पोलीस आम्हाला भांडी घासायला शिकवणार."

मी म्हटलं, "मला येतात. तुम्ही आपापल्या घरी शिका."

हसले सगळे. पण बाईंनी मला मोकळं सोडलं नाही. त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही पहिला मार कुणाचा खाल्लात? आणि तेव्हा रडलात, तर काय ऐकायला मिळालं?" हे मला नोकरीत कुणी विचारलं नव्हतं, मीही कुठल्या आरोपीला विचारलं नव्हतं. मी पहिल्यांदा उत्तर दिलं. त्यानंतर एका रिक्षावाल्याने स्वतःचं सांगितलं. मग कंपनीतल्या एका मुलाने.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. मारून कुणी सरळ होत नाही, तो मार घरी घेऊन जातो. आणि बायको सोडून गेली, मला भीती वाटते, मला जमत नाही, हे पुरुषाला हसं न होता बोलता येईल अशी एखादी खोली गावात असली पाहिजे. माझ्या चौकीत ती नव्हती. असती तर तो पेढे वाटत फिरला नसता, आणि कदाचित ती रबरी चपलांवर घर सोडून गेली नसती. तो गुन्हेगार होता, त्याची जबाबदारी त्याचीच. पण रीत त्याने माझ्याकडून उचलली होती.

हात उचलणं आमच्या घरात बंद होऊन बरीच वर्षं झाली. परवा संध्याकाळी फिरून आलो. बायको गॅलरीत मोगऱ्याच्या कुंडीला पाणी घालत होती. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तिने दार लावलं नाही. पण कुंडीवरची तिची नजर क्षणभर दाराकडे गेली आणि मग परत आली.

मी घड्याळ उचललं, खिशात टाकलं आणि तिच्या हातातली झारी घेऊन पाणी भरायला गेलो.