धानाच्या बांधीतलं चमकी कासव

नागपूरला कॉलेजात जाईपर्यंत पत्ते म्हणजे मला राजा, राणी आणि गुलाम एवढेच ठाऊक होते. वसतिगृहात माझ्या खोलीत जी मुलगी राहायला आली, तिच्या पत्त्यांत मात्र वाघ होते, साप होते, पंखवाले मासे होते. प्रत्येक कार्डावर एक प्राणी आणि त्याखाली त्याची ताकद लिहिलेली. दोघींनी समोरासमोर बसून आपापले प्राणी लढवायचे. ही कार्डं बंद पाकिटांत मिळतात आणि पाकीट फोडेपर्यंत आत काय आहे ते कुणालाच कळत नाही.

त्यातही एक चमकी प्रकार असतो. तोच प्राणी, तीच ताकद, तेच चित्र, फक्त वरून चंदेरी मुलामा. जरा तिरपं धरलं की त्यावरून सगळे रंग सरकत जातात. खेळात त्याचा फायदा शून्य. साधा वाघ जेवढं मारतो, तेवढंच चमकी वाघ मारतो. तरी एखाद्या पाकिटातून चमकी निघालं की अख्ख्या मजल्यावरच्या मुली बघायला धावत यायच्या. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. मला वाटलं, शिकलेल्या लोकांत असंच असत असेल. आणि बघता बघता मीही त्या धावणाऱ्यांत सामील झाले.

पुढे मी एक अल्बम केला. डावीकडे साधं कार्ड, उजवीकडे त्याचंच चमकी. जोडी जमली की मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं. एका पानावर पाठीवर तळं घेऊन चालणारं कासव होतं, पण उजवा कप्पा रिकामा. ते चमकी कासव माझ्या खोलीतल्या त्याच मैत्रिणीकडे होतं. दुधावरची साय उचलावी तसं ती ते उचलायची, आणि आम्हाला लांबूनच दाखवायची. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने आपल्या हाताने ते माझ्या अल्बममध्ये सरकवलं. म्हणाली, दिवाळीपुरतं पान भरलेलं बघून घे. भाऊबीज झाली की मी तुझं गाव बघायला येते, तेव्हा परत नेईन. वसतिगृहात माझ्यावर कुणी एवढा विश्वास पहिल्यांदाच टाकला होता.

आमचं गाव मोहाडीजवळ. दिवाळीत लवकर येणारा हलका धान पिवळा होतो, भारी धान उशिरा येतो, आणि पोपटांच्या झुंडी उतरतात. पोपट धान खातो कमी आणि लोंब्या तोडून टाकतो जास्त. बाबा दरवर्षी बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, चकाकती पट्टी बांधायचे. पण पोपटही आता शिकलेले. पहिले दोन दिवस बिचकायचे, मग त्याच पट्टीच्या काठीवर बसून जेवायचे.

एके दिवशी मी आईबरोबर मोहाडीच्या बाजारातून परत येत होते. पांदणीच्या वाटेने येताना दुरूनच आमच्या बांधीत काहीतरी लखलखताना दिसलं. आई म्हणाली, कोणी आरसे लावले वाटते. जवळ गेले तर काठ्यांना दोऱ्याने टांगून माझे वाघ, साप आणि मासे वाऱ्यावर गरगरत होते. सगळे चमकी. आणि सगळ्यात पुढच्या, सगळ्यात उंच काठीवर मैत्रिणीचं कासव.

बाबा बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभे होते, कधी नव्हे इतके खूश. माझं तोंड बघून त्यांचा चेहरा उतरला.

"दोन-दोन होते ना बाई," ते म्हणाले. "हुबेहूब एकसारखे. मी सारे लावून पाहिले. मंग एक-एक तुले ठेवला, एक-एक इकडे आणला."

"पण चमकीच काहून आणले?"

"मंग मिठ्ठूले का साधे दाखवू?"

एकसारखी दोन असताना दोन्ही कशाला लागतात, हे मी अल्बम करणारी असून मलाही नीट सांगता आलं नसतं. मी एवढंच सांगितलं की ते पुढचं कासव माझं नाही, मैत्रिणीचं आहे आणि भाऊबीजेनंतर ती ते न्यायला येणार आहे. बाबा लगेच काठी उपटायला गेले. मी कार्ड हातात घेऊन पाहिलं. वरच्या कोपऱ्यात दाभणाने आरपार भोक पाडलेलं. आता ते काढून घरी नेलं काय आणि इथे राहिलं काय, भोक बुजणार नव्हतं. मी त्यांना म्हटलं, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बांधीचे काका तक्रार घेऊन आले. आमचे मिठ्ठू म्हणे आता सारे त्यांच्याकडे येऊन राहिले होते. बाबांनी सांगितलं की मिठ्ठू काही आमच्या नावावर नाहीत. तेव्हा काका हळूच म्हणाले, एखादा वाघ मले बी दे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि एक वाघ पलीकडे गेला.

माझा जीव मात्र कासवात अडकला होता. मैत्रिणीचा रोज मेसेज यायचा, कासव कसं आहे? मी लिहायचे, मजेत आहे. ते खोटं नव्हतं. शेवटी ठरवलं की बसस्टँडवरच सांगून टाकायचं. ती उतरली, मी तिची बॅग घेतली, बोलायला सुरुवात केली आणि आईच्या चकल्यांबद्दल बोलत राहिले. चकल्या संपल्यावर अनारशांबद्दल बोलले. मग शेत दिसायला लागलं आणि ती थांबली.

"ती कार्डं आहेत?"

मी हो म्हटलं, आणि पुढचं सगळं एका दमात सांगितलं. बारीक धुऱ्यावरून तोल सावरत ती थेट पुढच्या काठीपर्यंत गेली आणि कासव तळहातावर घेतलं. दवाने त्याच्या कडा वळल्या होत्या. भोकावरून तिने हलकेच बोट फिरवलं. मला वाटलं, ही आता अशीच मागे वळून बसस्टँडवर जाईल.

बाबा पुढे आले. त्यांनी मनाशी काय काय ठरवून ठेवलं असेल कोण जाणे, पण बोलले एवढंच, "बेटा, चूक माही आहे. मले फरक नाही समजला."

मग तिने विचारलं, "काका, भोक कोपऱ्यात का पाडलं?"

"मधात पाडलं असतं त जनावराले लागलं असतं ना."

तिने कासव सोडलं. ते गरगर फिरलं आणि तिच्या तोंडावरून रंग सरकत गेले. तेवढ्यात पळसाच्या झाडावरून पोपटांची झुंड उठली, कलकलाट करत आमच्या बांधीवर आली, आणि पुढच्या काठीजवळ येताच वळून पलीकडे निघून गेली. ती तोंड वर करून बघतच राहिली.

"हे माझ्याकडे असताना एक डाव जिंकलं नाही," ती म्हणाली. "आपल्या अख्ख्या वर्गात पहिली नोकरी यालाच लागली."

बाबांना तो विनोद किती कळला माहीत नाही, पण तिचा राग नाही एवढं कळलं. त्यांनी खाली बसून उगाचच चपलेचा चिखल काढला.

राग नव्हता, पण कार्ड गेलं होतं. घरी आल्यावर ती अल्बम घेऊन पडवीत बसली. प्रत्येक पानावर डावा कप्पा भरलेला आणि उजवा रिकामा. उलटत उलटत ती एका पानावर थांबली. तिथे उजवीकडे चमकी मोर होता.

"हा कसा वाचला?"

याची साधी जोडी मला कधी मिळालीच नव्हती. तो एकटाच होता, म्हणून बाबांनी माझ्यासाठी ठेवला होता. मी तो काढून तिच्यासमोर धरला.

"घेऊ?"

"घे."

तिने नाही-नाही केलं नाही, उगाच आढेवेढे घेतले नाहीत. सरळ घेतला. तिने नको म्हटलं असतं तर मी वर्षभर तिच्याशी मान खाली घालून बोलले असते. घेतल्यामुळे आमचं पूर्वीसारखंच राहिलं. मोराचं मला वाईट वाटलंच. तो मी पाकिटातून काढला त्या दिवशी पहिल्यांदा सगळा मजला माझ्या खोलीत आला होता.

बाबा हातपाय धुऊन आत येत होते. तिच्या हातातला मोर दिव्याखाली झळकला तसे ते जवळ आले आणि वाकून बघू लागले.

"हा एक राहिला होता ना," ते म्हणाले. "तलावाकडचा भारी धान अजून उभाच आहे."

मैत्रिणीने मोर बॅगेत टाकला, चेन ओढली आणि बॅग मांडीवर घेऊन बसली.