आधीचं बरं, की हे?

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भर दुपारीही अंधार असे. खोली जेमतेम तीन मीटर लांब, आणि अक्षरं वाचायला अंतर हवं सहा मीटर. म्हणून उजेडाची पाटी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेली, तीही उलट्या अक्षरांची, आणि समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. खुर्चीत बसलेल्याला आरशात अक्षरं सुलटी दिसत आणि तेवढ्याच जागेत खोली दुप्पट लांब होई. या दुप्पट खोलीत नंबरवाल्या बाईंची सत्तावीस वर्षं गेली होती. डोळ्यांचा नंबर काढतात म्हणून नंबरवाल्या. त्यांचं खरं नाव विचारलं असतं, तर शेजारच्या घड्याळवाल्यालाही डोकं खाजवावं लागलं असतं.

काम म्हणाल तर एकच प्रश्न विचारायचा. गिऱ्हाइकाला तपासणीची गोल चौकट चढवायची, जी लहान चेहऱ्यावर नाकापेक्षा मोती जड अशी दिसायची. तिच्यात एक भिंग घालायचं, मग ते काढून दुसरं घालायचं आणि विचारायचं, "आधीचं बरं, की हे?" दिवसातून दोनशे वेळा तरी. सवय इतकी मुरलेली, की नवरा सदरा बदलून समोर आला तरी बाईंच्या तोंडून तेच निघे, आणि तो बिचारा आधीचा सदरा शोधायला परत आत जाई.

दुकानाच्या मालकांनी त्यांना पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती. माणूस दमला की शेवटी दाखवलेलंच निवडतो. त्याला काही दिसत नसतं, फक्त सुटायचं असतं. म्हणून क्रम उलटा करून पुन्हा विचारायचं. पुन्हा तेच भिंग निवडलं तर खरं. मघाशी "दुसरं" आणि आताही "दुसरं" आलं, तर ते उत्तरच नव्हे. त्याला पाणी द्यायचं, बसवायचं आणि पुन्हा विचारायचं. शेवटच्या पायरीला तर दोन्ही भिंगांतून अंधुकच दिसतं. गिऱ्हाईक ओशाळतं, परीक्षेत नापास झाल्यासारखं पुटपुटतं, "दोन्ही सारखंच अंधुक आहे हो." तेव्हा बाई वही ओढत म्हणायच्या, "पोचलो आपण." कारण ती दोन भिंगं मुद्दामच दोन बाजूंना सारखी चुकवलेली असतात, आणि दोन्ही सारखं अंधुक दिसणं हीच नंबर सापडल्याची खूण.

एवढी शहाणी बाई. पण दिव्याखाली अंधार म्हणतात, ते काही उगीच नाही.

तीन वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आंघोळ करताना त्यांच्या डाव्या बाजूला गाठ लागली. तपासण्या झाल्या, आजाराला नाव पडलं. डॉक्टरबाई भल्या होत्या. त्यांनी कागदावर दोन वर्तुळं काढून समजावलं. "एक मार्ग म्हणजे फक्त गाठ काढायची आणि मग काही आठवडे रोज किरणं घ्यायची. दुसरा म्हणजे पूर्ण स्तन काढायचा. तुमची गाठ लवकर सापडलीय. जगण्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. तुम्ही ठरवा."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे त्यानं प्रेमानं म्हटलं होतं, यात शंका नाही. पण त्या क्षणी खोलीतल्या सगळ्या भिंती जरा लांब सरकल्यासारखं बाईंना वाटलं. बाहेर बाकावर धाकटी जाऊ पिशव्या सांभाळत बसली होती, तिच्या चपलेचा चाळा ऐकू येत होता. बाई म्हणाल्या, "दुसरं." एक घाव दोन तुकडे. डॉक्टरबाईंनी मान हलवली, लिहून घेतलं, आणि पुढच्या गुरुवारी ते झालंही.

सगळं नीट पार पडलं. जखम भरली, तपासण्या चांगल्या आल्या, भेटायला येणारे "सुटलीस बाई" म्हणून गेले. बाई कामावर परतल्या. डाव्या बाजूला कापडात शिवलेली मऊ गादी आली. तिचं नाव त्यांनी 'पाहुणी' ठेवलं, कारण सकाळी यायची, संध्याकाळी जायची आणि उकाड्यात नको व्हायची. धाकटीला हसू आवरायचं नाही. त्याही हसायच्या.

मग तिसऱ्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांना परत जायची घाई होती. बाईंनी दोन भिंगं दाखवली, ते म्हणाले, "दुसरं." बाईंनी क्रम फिरवला, ते म्हणाले, "दुसरं." पुन्हा फिरवला. "दुसरंच हो, दुसरंच." बाईंचा हात तिथंच थांबला. आपल्याला कुणी उलटं करून विचारलंच नाही, हे त्यांना त्या अंधारात, हातात भिंग असताना कळलं. आणि दुसऱ्याचं कशाला, आपण तरी कुठं स्वतःला विचारलं? आजोबांना त्यांनी पाणी दिलं आणि उरलेलं स्वतः प्यायल्या.

त्या दिवसापासून आरशात ती यायला लागली. ती म्हणजे त्या स्वतःच, पण पहिला मार्ग निवडलेली. दुपारी गिऱ्हाईक नसे, समोरच्या बेकरीतून भाजल्या पावाचा वास मागच्या खोलीपर्यंत येई, बाई खुर्चीत टेकत आणि आरशातली लांब खोली हळूहळू पाण्यासारखी हलायला लागे. मग तिच्या टोकाच्या दारातून ती आत येई. निळा झगा घातलेला, जो बाईंनी शस्त्रक्रियेनंतर घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला होता. ती रोज किरणं घेऊन येताना दमलेली असे, पण दमली तरी पूर्ण असे. ती पालथी झोपे. नवऱ्यानं अचानक मिठी मारली तर दचकत नसे. कधी ती समोर बसे आणि बाई मनातल्या मनात तिचा नंबर काढत. तिला सगळ्या ओळी वाचता येत, अगदी खालची बारीकसुद्धा. बाईंना तिचा हेवा वाटे, आणि ती आली नाही तर चुकल्यासारखं वाटे. बैल गेला आणि झोपा केला, असं त्या स्वतःलाच सुनवायच्या. पण झोपा बांधत बसायच्या रोज.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. जिवावर बेतलं होतं ते टळलं, आता तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

आणि एका बुधवारी धाकटी दुकानात आली. ही चित्रकलेची शिक्षिका, बोटांना कायम कुठला तरी रंग, आणि बोलायला लागली की गाडीला ब्रेक नाही. त्या दिवशी मात्र ती चष्म्यांच्या चौकटी उचलून पाहू लागली, एक लावून आरशात तोंड वाकडं करून झालं, मालकांच्या गुडघ्यांची चौकशी झाली.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?" बाई म्हणाल्या. "आत चल."

आत अंधारात धाकटीनं पिशवीतून फाईल काढली. "ताई, मलाही आलीय. उजवीकडे, लहान आहे." मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "त्याच डॉक्टरबाई. तीच दोन वर्तुळं. सोमवारी सांगायचंय. तुम्ही यातून गेलात. तुम्ही सांगाल ते मी करते, डोळे मिटून."

बाईंनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पण आरशातली खोली हलायला लागली होती. जिभेच्या टोकावर शब्द तयार होता. गाठच काढ. एवढं म्हटलं की झालं. धाकटी त्या दुसऱ्या वाटेनं जाईल, किरणं घेईल, घरी येईल, आणि बाईंना रोज जवळून बघायला मिळेल, की ती वाट कशी होती. आरशातली ती घरात राहायला येईल.

आणि त्याच क्षणी बाईंना स्वतःची लाज वाटली. पाठच्या बहिणीसारखी जाऊ समोर बसलीय, आणि आपण तिच्या अंगावर आपला राहिलेला झगा घालून बघायला निघालोय.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "मी विचारणार आहे. खुर्चीत बस."

"माझा नंबर ठीक आहे हो, ताई. गेल्या वर्षी तुम्हीच तर काढलात."

"बस गं."

बाईंनी भिंग घेतलं नाही. आवाज मात्र रोजचाच लावला. आधी गाठ काढण्याचं सांगितलं, किरणं, रोजचं जाणं-येणं, उरतं काय, हरवतं काय. मग पूर्ण काढण्याचं, शस्त्रक्रिया, दंडाचं आखडणं, पाहुणी. काही लपवलं नाही, काही चढवलं नाही. पालथं झोपता येत नाही हेही सांगितलं. मग विचारलं, "आधीचं बरं, की हे?"

"हे," धाकटी पटकन म्हणाली. "पूर्णच काढायचं."

"हे उत्तर मी धरत नाही. दमलेलं माणूस शेवटचंच निवडतं. घरी जा. शनिवारी ये."

शनिवारी ती आली, तेव्हा बाईंनी पूर्ण काढण्याचं आधी सांगितलं आणि गाठीचं नंतर. सावकाश सांगितलं. खरं तर गाठीपाशी आवाज थोडा मऊ झाला, तो त्यांनी खाकरून सरळ केला. धाकटी या वेळी बोटावरचा वाळलेला पिवळा रंग नखानं खरवडत होती.

"आधीचं," ती शेवटी म्हणाली. "पूर्णच. मी दोन दिवस दोन्ही जगून बघितलं ताई. मला रोज तिथं जाऊन रोज आठवण काढायची नाही. ते उरलं तर मी रोज चाचपत बसेन, मला मी ओळखते. गेलं तर रडेन, पण झोपेन."

ती खरं बोलत होती. सत्तावीस वर्षं उत्तरं ऐकणाऱ्या कानाला ते लगेच कळलं. म्हणजे ती वाट आता कुणीच चालणार नव्हतं. निळा झगा कपाटातच राहणार होता. त्यांनी वही ओढली आणि तारीख घालून लिहिलं, जसं गिऱ्हाइकाचं लिहीत. मग म्हणाल्या, "उद्या सदरे शिवायला टाकू. पुढून बटणांचे. हात वर करावा लागत नाही."

धाकटी उठली, पण दाराकडे गेली नाही.

"आता तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"तुम्हाला कुणी उलटं करून विचारलं नाही ना?"

बाईंनी हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. धाकटी म्हणाली, "बाहेर बाकावर होते मी. दार नीट लागत नव्हतं डॉक्टरबाईंचं. तुम्ही किती पटकन बोललात ते ऐकलं मी. आत यायला हवं होतं, आले नाही. तीन वर्षं झाली, मला ते टोचतंय."

बाई खुर्चीत बसल्या. या बाजूनं त्या गिऱ्हाईक म्हणून कधी बसल्याच नव्हत्या. धाकटीला भिंगांचं काही कळत नव्हतं, तिनं नुसता हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, डाव्या. मग बाईंचंच ऐकून शिकलेलं, क्रम फिरवून, सावकाश सांगितलं. आधी पूर्ण काढणं. मग फक्त गाठ.

"आधीचं बरं, की हे?"

आरशातली खोली लांब होत गेली. टोकाचं दार उघडलं. ती आली, निळा झगा, दमलेले पाय. बाईंनी या खेपेला तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांना दिसलं की तिलाही झोप नाही. तीही आंघोळीला जाताना दचकते. तीही कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत बसून विचारते, पूर्णच काढलं असतं तर? आणि तिच्या आरशात येते ती एक बाई, डाव्या बाजूला सपाट, शांत झोपणारी. तिला हिचा हेवा वाटतो.

धाकटीनं घाई केली नाही.

"दोन्हीकडे अंधुक आहे गं," बाई म्हणाल्या. "सारखंच अंधुक."

आणि त्या रडल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा, तोंडावर हात न घेता. धाकटीनं टेबलावरची वही ओढली, आपल्या कानामागची पेन्सिल काढली आणि अगदी नंबरवाल्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "पोचलो आपण."