पेटीत गेलेलं पान

सदा गेल्याचं सांगायला त्याच्या बहिणीचा, मालूताईचा फोन आला तेव्हा मी मालगुंडच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरत होतो. हातातला आंबा पेंढ्यात नीट ठेवला, पुढचा उचलला, तोही ठेवला... मग खाली बसलो. दीड महिना झाला, अजून मला काही नीटसं उमगलेलं नाही.

सदा रत्नागिरीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. निवृत्तीनंतरही एकाच प्रश्नाच्या मागे होता. दर रविवारी एसटीने यायचा आणि शेडमधल्या स्टुलावर बसून मला समजावायचा. "हा आंबा खाली पडतो त्याचं गणित वेगळं, नि त्याच्या आतल्या कणांचं वेगळं. दोन्ही बरोब्बर. एकत्र मांडलं की उत्तर अनंत येतं, म्हणजे कायच येत नाही." मी म्हणायचो, "मग असू देत की दोन!" त्यावर चिडायचा. "मेल्या, एका घरात दोन चुली चालतात. एका जगात कशा चालतील?"

येताना तो टाकून द्यायचे लिहिलेले कागद घेऊन यायचा. पेटीच्या तळाला मी तेच घालायचो. सहा वर्षांपूर्वी एका सोमवारीच तो धापा टाकत हजर. कामाचं एक पान चुकून गठ्ठ्यात आलं होतं, आणि पेट्या तर सकाळीच मुंबईला गेलेल्या. "त्यात जमत होतं रे," एवढंच म्हणाला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या रविवारी मात्र हसत आला. "ते चूकच होतं. गेलं ते बरं झालं." मला हायसं वाटलं. आज त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटते.

कारण परवा मालूताईने एक गठ्ठा दिला. वर सदाच्याच अक्षरात 'पेटीसाठी'. "त्यानेच बाजूला काढून ठेवलेन हो," ती म्हणाली. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण चाळताना एवढं दिसलं, की प्रत्येक पानावर सुरुवात तीच. पाचसहा ओळी, आणि तिथेच थांबलेलं. कोपऱ्यात तारखा, सगळ्या त्या सोमवारनंतरच्या. शेवटची यंदाच्या शिमग्यातली.

चुकलेलं पान कुणी सहा वर्षं आठवत बसतं का? की चूक कुठे झाली ते शोधत होता? माझ्यासाठी खोटं बोलला, की खरंच सांगत होता... विचारणार तरी कुणाला!

हंगाम संपत आला. गठ्ठा त्याच्या स्टुलावर तसाच आहे. पेट्यांना मी बाजारातली रद्दी आणतो, आणि तीसुद्धा दोन्ही बाजूंनी बघून मगच घालतो.