दाबून भरलेलं पिंप

गोंडपिपरीच्या पुढे आमचं गाव. गावाबाहेरच्या डेपोवर आम्ही बायका सुका कचरा निवडतो. थंड्याच्या बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या आणि तंबाखू-सुपारी घोटलेल्या खर्र्याच्या पन्न्या. त्या पन्न्यांवरून गावातल्या सगळ्या पुरुषांना एकदा रांगेत उभं करून झापायचं आहे मला, पण ते नंतर. आमच्या डोक्यावर तेव्हा छप्पर नव्हतं. मे महिन्यातलं इथलं ऊन ज्याला माहीत नाही, त्याने खुशाल पाहुणा म्हणून यावं आणि तासभर आमच्याजवळ बसून दाखवावं. म्हणून शेड मंजूर झाली कळलं, त्या दिवशी मी घरी शिरा केला.

शेड किती मोठी हवी ते ठरवायला नागपूरहून साहेब आले. माणूस भला होता. त्यांनी समजावून सांगितलं, एक पिंप कचऱ्याने भरायचं आणि तोलायचं. इतक्या जागेत इतकं वजन, ही झाली कचऱ्याची घनता. गावातून रोज किती वजनाचा कचरा येतो ते ठाऊकच होतं. घनता कळली की तो जागा किती खाईल ते निघतं. “सगळा मिसळून भरा बाई, जसा येतो तसा,” असं म्हणून ते फोनवर बोलत जांभळाच्या झाडाखाली गेले.

आमच्यात एक बाई सगळ्यात वयाची. तिचा जन्म धान मोजण्यात गेलेला. आमच्याकडे पाहुण्यासमोर पायली भरायची ती हलवून, दाबून, वर शीग लावून. सपाट माप दिलं तर गाव नावं ठेवतं. समोर नागपूरचा पाहुणा, पुढ्यात माप. बाईचा हात कसला थांबतो! “दाबा वो, दाबा! साहेब म्हनतीन, इथल्या बाया हात आखडतेत.” झालं. आम्ही बाटल्या पायाखाली चपट्या केल्या, पुठ्ठे कोंबले. एक जण तर पिंपात उतरून नाचली. वर बाईने शीग लावली. साहेबांनी येऊन तोललं, आकडा घेतला, आमचा चहा पिऊन गेले. आम्हीही खूश.

मग एका सकाळी जमिनीवर चुन्याच्या रेघा दिसल्या. मी आमच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमाला विचारलं, “भाऊ, हा गोठा कोनाचा?”

“गोठा काऊन? तुमची शेड आहे,” तो म्हणाला. “आता उन्हात बसवाची परवानगी नाई. छपराखाली मावतीन तेवढ्याच बाया ठेवाच्या. वयाच्या बाया पहिले कमी होतीन.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाबलेल्या पिंपाचं वजन जास्त, म्हणून कचऱ्याला जागा कमी लागणार असा हिशोब निघाला होता! शिगेने आमचंच छप्पर खाल्लं होतं. बाईला सांगितलं तशी ती मटकन खाली बसली. नवरा गेल्यावर हेच काम धरून ती उभी राहिली होती. “म्हंजे माह्याच हातानं?” एवढंच बोलली.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “भरलं तुम्हीच होतं ना? आता आकडा पुढे गेला.”

“गेला तं वापस बलवा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. नोकरी गेली तर गेली! त्या बाईला उन्हातही जागा नाही म्हणणारे हे कोण टिकोजीराव?

साहेब रेघा तपासायला आले, त्या दिवशी मी घंटागाडी फाटकातच अडवली. “भाऊ, आज रेघांच्या आत खाली कर.”

“मले काऊन फसवून राह्यली वो बाई?” ड्रायव्हर म्हणाला.

“कर तू. शिव्या मी खाईन.”

गाडीने पोट रिकामं केलं. ढीग रेघा ओलांडून पसरला आणि बाटल्या गडगडत साहेबांच्या बुटांपर्यंत गेल्या. मुकादम ओरडत धावला. मी हलले नाही.

“साहेब, ही एकच फेरी आहे. इले आत बसवा. मग सांगा, आमी कुठी बसू?”

साहेबांनी ढिगाकडे पाहिलं, मग पायाशी आलेल्या बाटलीकडे. ही बाटली चपटी नव्हती. “पिंप आणा,” ते म्हणाले.

बाई पुढे झाली. मीच भरणार म्हणाली. पिंप भरत आलं तसा तिचा हात दाबायला उठला. तिने तो हात मागे घेतला, लुगड्याला पुसला आणि पिंपाच्या तोंडावरून आडवा फिरवून वरचं सगळं खाली पाडलं.

“असं माप मी कोनाले नाई देल्लं आजपावतर,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला जवळ घेतलं.

काट्यावर वजन पार घसरलं. साहेबांनी मान हलवली, नवा हिशोब केला आणि मुकादमाला जुन्या रेघा पुसायला लावल्या. नवी रेघ जांभळापर्यंत आली. तिथे मुकादम थांबला, तर बाईने त्याच्या हातातलं चुन्याचं घमेलं ओढून घेतलं आणि झाडाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

“शीग लावाची तं इथी लावा,” ती म्हणाली आणि वाकून स्वतःच रेघ ओढू लागली.