डबीला माहीत असलेलं नाव

माझ्या फजित्या बडोद्यात कुणालाही विचारा. कोयलीच्या रिफायनरीतल्या नोकरीत पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांकडे चहा मागितला ती, किंवा मेव्हण्याच्या लग्नाला म्हणून भलत्याच हॉलमध्ये शिरून, आहेर देऊन, जेवून आलो ती. मीच सांगत फिरतो. लोक हसतात आणि शेव-उसळीची दुसरी प्लेट माझ्याच पैशांनी मागवतात. पण एक किस्सा मी कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. हसण्यासारखा नाही म्हणून? — तसं नाही. हसलो होतो मी. एकटाच.

नाना आमचे नागरवाड्यातले शेजारी, वडिलांचे मित्र, गणिताचे निवृत्त मास्तर. पूर्वज संस्थानच्या हिशेबखात्यात, त्यामुळे त्या घरात देवघराच्या खालोखाल मान स्मरणशक्तीला. नाना काही लिहून ठेवत नसत. लिहून ठेवणं म्हणजे डोक्याचा अपमान, असं त्यांचं मत. ऐंशीच्या आसपास त्यांना तिथी काढणारा प्रोग्राम लिहायचं खूळ लागलं, तेव्हा मीच त्यांना एक चिमुकला संगणक आणून दिला. पत्त्यांच्या कॅटाएवढी पाटी, वर प्लास्टिकचं झाकण, आत लिनक्स. टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड लावायचा, झालं. नाना त्याला डबी म्हणत.

पासवर्ड काय ठेवू, असं विचारलं तर नाना चक्क लाजले. वसुधाताई — त्यांची लेक — स्वयंपाकघरात आहे ना, ते वाकून पाहिलं आणि माझ्या कानाशी आले. काकूंचं माहेरचं नाव.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे, माहीत आहे ना? ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं बुडालं. काकू सगळ्या गावाला सुशीला. पण नाना एकांतात त्यांना जुन्याच नावानं हाक मारत, आणि काकू गेल्यावर दिवेलागणीला फोटोपुढे तेच पुटपुटत. काकूंच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे ते नाव आता नानांना ठाऊक, मला ठाऊक आणि डबीला. त्या नावापुढे @ आणि त्यापुढे लग्नाचं साल — हा पासवर्ड.

पुढे माझे हात शिवशिवले. लिनक्सची नवी आवृत्ती आली होती. नानांनी ती मागितली होती का? छे. मी डबी घरी नेली, आतलं मेमरी कार्ड पुसलं, लॅपटॉपवरून नवं सगळं भरलं, त्यांचा प्रोग्राम परत ठेवला, पासवर्डही लॅपटॉपवरूनच तोच दिला आणि ऐटीत नेऊन पोचवली. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"मिल्या, डबी मला आत घेत नाही रे."

गेलो. नाना कळा दाबत होते आणि काळ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा तेच — लॉगिन चुकीचं. पासवर्ड लिहिताना तिथे ठिपकासुद्धा उमटत नाही, बोटं काय लिहिताहेत ते कुणालाच दिसत नाही. मी कॅप्स लॉक पाहिला, कीबोर्डची वायर काढून परत लावली. मी लिहून बघतो म्हटलं, तर नानांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

"माझ्या डोक्यातलं तू काय लिहिणार?"

वसुधाताई दारात येऊन उभी होती. "तू काही बदललंस का रे यात?"

"माझ्या बाजूनं सगळं बरोबर आहे, ताई. नानाच विसरले असतील."

शिंक यावी तसं ते वाक्य बाहेर पडलं. नानांचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

डबी आणि कीबोर्ड घेऊन मी घरी आलो. पासवर्ड दिसत नाही ना? मग मी तो युजरच्या नावाच्या जागी लिहिला, तिथे अक्षरं दिसतात. नाव बरोबर. साल बरोबर. मधे @ च्या जागी अवतरणचिन्ह. नवं लिनक्स भरताना त्यानं कीबोर्ड ब्रिटिश धरला होता, आणि ब्रिटिश कीबोर्डवर या दोन चिन्हांची अदलाबदल असते. मी ते बघितलंच नव्हतं. नाना पहिल्या वेळेपासून बरोबर लिहीत होते. तेव्हा मी हसलो. बडोद्यात इंग्रज रेसिडेन्सीपुरते राहिले, माझ्यामुळे नानांच्या डबीत शिरले — किस्सा तयारच होता. चहा निवायच्या आत कीबोर्ड दुरुस्त झाला.

तोच किस्सा सांगायला मी निघालो होतो. खरंच. पण वसुधाताईनं दारातच गाठलं. तिचे डोळे सुजलेले. "काल जेवले नाहीत बाबा. खरंच विसरले होते का रे?"

आता सांगा, काय अवघड होतं? भर बाजारात स्वतःची टोपी उडवणारा माणूस मी. पण त्या फजित्यांत नुकसान माझं एकट्याचं असायचं, आणि वर कौतुक व्हायचं. इथे आदल्या दिवशीचं ते वाक्य मधे उभं होतं.

"हो," मी म्हणालो. "आता सोपा ठेवून देतो."

आणि नानांच्या शेजारी बसून, त्यांच्या देखत, मी काकूंचं नाव काढलं आणि 'बडोदा' असा पासवर्ड ठेवला.

ताई आत गेल्यावर नाना हळूच म्हणाले, "मिल्या, म्हणजे मी लिहीत होतो ते नाव चुकीचंच. तुझ्या कानात बरोबर सांगितलं होतं ना? काय सांगितलं होतं रे?"

पहिलं अक्षर जरी उच्चारलं असतं, तरी ते म्हणाले असते — अरे, मी तेच तर लिहीत होतो.

"आठवत नाही, नाना."

"चालशे," नाना म्हणाले. सुटे नसलेल्या रिक्षावाल्याला गुजरातीत 'चालेल' म्हणायचे, तसंच.

नंतर ताईकडूनच कळलं की बाबा फोटोपुढे दिवा लावतात, पण हल्ली नुसते उभे राहतात. एकदा त्यांनी तिला विचारलं, तुझ्या आईला मी काय म्हणायचो गं? ती म्हणाली, आम्हाला कुठे ऐकू दिलंत, बाबा. हे मला सांगताना ती रडली. मी मान हलवली — मान हलवली फक्त. किती वेळा ते नाव जिभेवर घेऊन नानांचा जिना चढलो, आणि वर जाऊन माझी एखादी जुनी फजिती सांगून आलो. नाना हसायचे. हसता हसता मधेच थांबायचे, काहीतरी शोधत असल्यासारखे.

नाना गेले. डबी ताईनं मला परत दिली, तुझीच आहे म्हणाली. 'बडोदा' लिहिलं की उघडते.

त्या दिवशी नाना काहीही विसरले नव्हते. काकूंचं माहेरचं नाव वेणू.