भावजींची शिरगणती

अगं, जरा जवळ सरक, कागदावरूनच का होईना. पुण्याहून गोव्याची गाडी तुला वर्षातून दोनदा सापडते, जबलपूरची एकदाही नाही, हे मी आज काढणारच नव्हते, पण निघालं तोंडातून. असो. आज तुला माझ्या धाकट्या दिरांचं सांगते. माणसं मोजण्यासाठीच जन्माला आलेला असा दुसरा माणूस अख्ख्या जबलपुरात सापडायचा नाही.

भावजी शाळामास्तर. जनगणनेची ड्यूटी लागली की बाकीचे मास्तर पोट धरून दवाखाना गाठत, हे मात्र मागून घेत. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. सदर बाजारात टिक्की खायला गेले की ठेलेवाल्याला आधी विचारणार, "भैया, घर में कितने जने?" वहीत लिहिल्याशिवाय प्लेटला हात नाही. लग्नात अक्षता पडायच्या आधी मुलीच्या बापाच्या कानात सांगणार, "पुऱ्या कमी पडून राहिल्या, कणीक मळायला सांगा." आणि पडायच्याच! आपल्या दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांची तर त्यांच्याकडे वेगळीच वही. इथे राहतात ते शाईने, नोकरीला बाहेर गेले ते पेन्सिलीने. मी म्हटलं, "भावजी, गेलेल्यांना काहून ठेवता? रेघ मारा, काटा नावं." तर म्हणाले, "वहिनी, जो परत येऊ शकतो त्याला काटायचं नसतं."

त्यांची लेक ऑस्ट्रेलियात डॉक्टर आहे, हे तुला ठाऊक आहे. पण शहरात नाही हो, कुठल्याशा आडगावात. नवरा तिकडचाच. भावजी एकदा जाऊन आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी वही आणि खडू घेऊन निघाले, शेजारचं घर नोंदवायला. आता शेजारचं घर म्हणजे आपल्यासारखी भिंतीला भिंत समजले ते. चालले, चालले, ऊन डोक्यावर आलं तरी घर नाही. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, हा रस्ता चुकला समजून, गाडीत बसवलं. गाडीतच भावजींनी त्याचं वय, बायकोचं वय, मुलं कुठे, सगळं उतरवून घेतलं आणि त्याच्या फाटकावर खडूने नंबर टाकला. लेक सांगते, तो आकडा त्या घरच्यांनी अजून पुसला नाही. उलट पुसट झाला की गिरवतात.

आल्यावर चहाच्या कपागणिक तेच. "वहिनी, म्हातारे जास्त, पोरं कमी. शाळेला एकच मास्तरीण. तरणी मुलं शहरात शिकायला गेली की येत नाहीत. मेंढ्या मात्र मोजता मोजवत नाहीत."

"मग हे तर आपल्याच गल्लीचं झालं, भावजी. मेंढ्या तेवढ्या सोडा," मी म्हटलं. त्यांचा चहा गार झाला त्या दिवशी.

त्या गावाचा सरकारी तक्ता त्यांना तोंडपाठ. त्यात घरात मराठी बोलणारं माणूस एक. म्हणजे त्यांची लेक. नवी मोजणी जवळ आली तसं यांच्या मनाने घेतलं, या खेपेला दोन झाले पाहिजेत. दुसरी म्हणजे नात, सहा वर्षांची. लेक म्हणाली, "बाबा, तिला कळतं सगळं. देते लिहून."

"काहून खोटं लिहिते? कळणं वेगळं, बोलणं वेगळं. मी उभ्या जन्मात खोटा माणूस लिहिला नाही."

मग रोज सकाळी अकराला, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, व्हिडिओ कॉल. तिकडे तेव्हा ती शाळेतून आलेली. यांनी तिला वांगं दाखवलं, मांजर दाखवलं, एकदा तर मलाच दाखवलं. पोरगी हसायची, मान हलवायची, "ओके आबा" म्हणायची. बस. मी म्हणायची, सोडा आता. ते म्हणायचे, "दार उघडलं नाही तर दुसऱ्यांदा जायचं, वहिनी. तिसऱ्यांदा जायचं."

शेवटचा दिवस आला. फॉर्म त्या दिवशी भरायचाच होता. भावजींकडे दाखवायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या गल्लीची वही उघडली आणि पेन्सिलीची नावं वाचायला लागले. ही पुण्याला. हा बंगळुरूला. हे दोघे भाऊ नागपूरला. शेवटी खुद्द त्यांची लेक, त्या पोरीची आई.

मध्येच पोरीने विचारलं, "आबा, सगळे काहून गेले?"

भावजींनी चष्मा काढला. पुसला, पुन्हा घातला. मग लेकीला अगदी ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाले, "लिही. दोन."

पोरगी मात्र विचारतच राहिली, "काहून, आबा?" फोन ठेवल्यावर त्यांनी लेकीच्या नावाखाली नातीचं नाव लिहिलं. पेन्सिलीने.

तुझंही नाव आहे त्या वहीत, समोरच्या घराच्या पानावर. पेन्सिलीचं अक्षर पुसट होतं, म्हणून ते दर दिवाळीला गिरवतात. पण वय झालं आता त्यांचं, मागच्या खेपेला तुझं नाव रेघेच्या खाली उतरलं. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, मी झाडून ठेवते. दोन दिवस का होईना, ये बाई लवकर. आणि आलीस की आधी त्यांच्याकडे जा, माझ्याकडे मग.